पाणवठ्यावरची कॉफी

आई गेल्याचं कौमुदीला सांगितलं गेलं तेव्हा बॅगा अजून दारातच होत्या. दोघं आफ्रिकेहून डब्लिनमधल्या क्लोनडॉकिनच्या घरी नुकतीच पोचली होती, हीटिंगसुद्धा लावलं नव्हतं. विक्रांतनं बायकोला आधी सोफ्यावर बसवलं, मग पाणी दिलं, आणि मग नागपूरला नरेशदादाला फोन लावून तो तिच्या हातात ठेवला. पाणी दिलं तेव्हाच तिनं ओळखायला हवं होतं. आपल्याकडे बसवून, पाणी पाजून कुणी बढतीची बातमी देत नाही.

"आई गेली गं," नरेशदादा म्हणाला. तिचा सख्खा थोरला भाऊ. "दुपारी झोपली होती. चहाला उठवायला गेलो, तर उठलीच नाही."

"आज?"

"नाही. झाले काही दिवस. सगळं नीट पार पडलं. अस्थीपण रामटेकला नेऊन आलो. तू तिकडे फिरून राहिली होती ना, इतक्या वर्षांनी निघाली होती कुठे. म्हटलं, कशाला मूड घालवा. आणि सांगून तरी काय, तू त्या जंगलातून पोचलीच नसती."

कौमुदी "बरं" म्हणाली. आई गेल्याच्या बातमीवर मुलगी "बरं" म्हणते हे तिचं तिलाच ऐकू आलं, पण दुसरा शब्द सापडेना.

आपल्या लोकांची ही एक खास तऱ्हा आहे. मुलीची बारावी असो, जावयाची मुलाखत असो, नाहीतर बहिणीची सफारी असो, माणूस गेलेलं लपवायचं, आणि वर ते मायेनं केलं म्हणायचं. सुलेखावहिनीनं तर फोन घेऊन शास्त्रच सांगितलं. लग्न झालेल्या मुलीला सुतक तीन दिवसांचं, तेही कळल्यापासून. कळलंच नाही तर लागतच नाही. म्हणजे न सांगून त्यांनी कौमुदीवर उपकारच केले होते. तिकडे ती खुशाल सिंह बघू शकली, आणि धर्मही बुडाला नाही.

"पण आईचे मेसेज येत होते," कौमुदी म्हणाली. ती रोज आईला फोटो पाठवत होती आणि रोज आईच्या फोनवरून गुलाबाचं फूल येत होतं. प्रमोदिनीबाईंना टायपिंग जमायचं नाही, त्या सगळ्याला गुलाबाचं फूलच पाठवायच्या.

"ते मी पाठवत होते," वहिनी म्हणाली. "तुम्हाला शंका यायला नको म्हणून." तिच्या आवाजात शाबासकीची थोडी अपेक्षा होती, आणि कौमुदीनं ती दिलीसुद्धा. "थँक्यू वहिनी," म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिनं विक्रांतला एकच गोष्ट विचारली.

"तुला कधी कळलं?"

"जोहान्सबर्गला, एअरपोर्टवर," विक्रांत म्हणाला. "तू ड्यूटी-फ्रीमध्ये होतीस तेव्हा. म्हटलं, विमानात कशाला, घरी गेल्यावर सांगू."

एवढं कौमुदीनं घट्ट धरून ठेवलं. भावानं लपवलं, वहिनीनं फुलं पाठवली, ठीक आहे, ती माणसं लांबची झाली होती आता. पण विक्रांत तिच्या शेजारी बसलेला होता. सकाळी अंधारात जीपमध्ये एकाच ब्लँकेटखाली, संध्याकाळी शेकोटीपाशी, रात्री मच्छरदाणीत. त्याला तिथं माहीत असतं तर त्या सगळ्या सफारीत ती एकटीच होती असा अर्थ झाला असता. विमानतळावर कळलं म्हणजे एका प्रवासापुरतं. एका प्रवासापुरतं लपवणं माफ करता येतं. तेवढ्या एका गोष्टीवर तिचं घर अजून उभं होतं.

रडू मात्र आलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल असतो तसं तिचं आतलं सगळं झालं होतं. आपलंच आहे हे कळतं, पण चिमटा काढला तरी लागत नाही. मॅनेजर सुट्टी घे म्हणाला, तिनं घेतली नाही. टेस्टिंगच्या टीमला तिनं नेहमीसारखंच झापलं. मराठी मंडळातल्या बायका डबे घेऊन आल्या, तिचा हात हातात घेऊन ती रडण्याची वाट बघत बसल्या, आणि ती रडेना म्हटल्यावर त्यांतल्याच दोघी रडून घेऊन गेल्या. कौमुदीनं डबे घासून, ज्याचे त्याला परत केले. नागपूरला जाऊन ये, विक्रांत म्हणाला. कशाला, तिनं विचारलं.

अशात नूलाचा मेसेज आला. ये चहाला, रविवारी, दोघंही या.

नूला आणि फर्गस हे डब्लिनच्या दुसऱ्या टोकाच्या, समुद्रकाठच्या डून लेरीचे. दोघं निवृत्त शिक्षक. डब्लिनमध्ये कधी भेट झाली नसती ती त्या खासगी अभयारण्यात झाली. तिथं मोजक्या खोल्या, मोजके पाहुणे, आणि प्रत्येक जीपमध्ये तीच माणसं शेवटपर्यंत. टिनिको नावाचा रेंजर गाडी चालवायचा, बॉनेटवरच्या खुर्चीत एलियास बसून माग काढायचा, आणि मागे ही दोन जोडपी. कौमुदीला ती जागा इतकी आवडली होती की परतीच्या विमानाची वाट बघतानाच तिनं वेबसाईटवर भरभरून लिहिलं होतं: इथल्या लोकांनी आम्हाला घरच्या माणसासारखं जपलं.

"कशाला जातेस एवढ्या लांब?" विक्रांत म्हणाला. "मी ऑन-कॉल आहे, ऑफिसचा फोन कधीही येईल, मला नाही जमणार. पुढच्या महिन्यात जाऊ आपण."

"मी एकटी जाते."

"अगं, दमली आहेस तू. मी फर्गसला सांगतो तसं."

"मी दमलेली नाही," कौमुदी म्हणाली आणि तेही खरंच होतं. दमायलाही काहीतरी वाटावं लागतं. तिला जायचं होतं त्याचं कारण साधं होतं. डून लेरीच्या त्या घरात आईचं कुणाला माहीत नव्हतं. कुणी हात हातात घेणार नाही, कुणी तोंडाकडे बघत बसणार नाही. बिबट्याबद्दल बोलायचं, केक खायचा आणि परत यायचं.

रविवारी ती बसनं शहरात गेली आणि तिथून डार्ट, म्हणजे किनाऱ्यानं जाणारी लोकल, पकडली. गाडी किनाऱ्याला लागली तशी डावीकडे ओहोटीची करडी वाळू दिसायला लागली, तिच्यावर कुत्री फिरवणारी माणसं. विक्रांतचे दोन मिस्ड कॉल होते. मग मेसेज: पोचलीस की आधी मला फोन कर. ऑन-कॉलवाला माणूस एवढा मोकळा कसा, असं तिच्या मनात आलं आणि ती फोन पर्समध्ये ठेवून बाहेर बघत बसली.

नूलानं दार उघडलं, तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "सॉरी फॉर युअर ट्रबल."

आयर्लंडमध्ये इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हे वाक्य कळतं. ते इथं एकाच प्रसंगी म्हणतात, मयताच्या घरी. कौमुदी दारातच थांबली. म्हणजे विक्रांतनं यांनाही कळवलं तर. इथंही हात हातात घेतला जाणार होता. तिला थोडा राग आला, आणि इतक्या दिवसांनी काहीतरी आलं म्हणून थोडं आश्चर्यही वाटलं.

आत फायरप्लेसच्या वरच्या फळीवर एक कार्ड उभं केलेलं होतं. नूलानं ते तिला दिलं. तिच्या चर्चमध्ये प्रमोदिनीबाईंच्या नावानं प्रार्थना सांगितली होती, त्याचं ते कार्ड. पाद्रीबाबांनी सही केली होती आणि आईचं नाव जवळजवळ बरोबर लिहिलं होतं.

"तुमच्यात चालतं की नाही ठाऊक नव्हतं," नूला म्हणाली. "पण मला काहीतरी केल्याशिवाय राहवेना. तिथून आल्यापासून मी फर्गसला म्हणतेय, त्या मुलीला आपण कसं तोंड दाखवणार."

"का? तुम्ही काय केलंत?"

नूलानं स्वयंपाकघराकडे बघितलं. तिथं फर्गस कपाटातून कप काढत होता, तो आवाज थांबला.

"तुला त्यानं सगळं सांगितलं ना?" नूलानं विचारलं. "विक्रांतनं?"

"सांगितलं की," कौमुदी म्हणाली. ती खोटं का बोलली ते तिलाही कळलं नाही. कदाचित खरं बोलली असती तर पुढचं ऐकायला मिळालं नसतं.

नूलानं सुस्कारा सोडला आणि मग ती बोलतच सुटली. शिक्षिका ती, मन मोकळं करायला बसली की तास संपेपर्यंत थांबायची नाही. त्या दुपारी, म्हणे, विक्रांत बारमध्ये आला तेव्हा तो पांढराफटक पडला होता. तू जेवून झोपली होतीस. आपण तिथं पोचून धड दोन दिवसही झाले नव्हते. फर्गसनं त्याला बसवलं, ब्रँडी दिली. मी म्हटलं, आत्ता जा आणि उठव तिला. आमच्याकडे माणूस गेलं की गावच्या रेडिओवर सांगतात, जो ओळखतो तो कामं टाकून येतो. आणि पोटच्या मुलीला सांगायचं नाही? तर तो म्हणाला, तिच्या भावानं शपथ घातलीय. फर्गस मला म्हणाला, त्यांच्यात रीत वेगळी असेल, आपण मध्ये पडू नये. म्हणून मी गप्प बसले. गप्प बसायला नको होतं मी.

फर्गस ट्रे घेऊन दारात उभा होता. तो पुढे येईना, मागे जाईना.

"आणखी कुणाला माहीत होतं?" कौमुदीनं विचारलं.

"सगळ्यांना," नूला म्हणाली. "तशी छोटीच जागा होती ना ती."

कौमुदीनं चहा घेतला. चहा ग्रँड झालाय म्हणाली. दुसरा कपही मागून घेतला. आणि तो पिता पिता तिच्या डोक्यात एकेक गोष्ट आपोआप जागेवर जाऊन बसायला लागली.

त्या संध्याकाळी बिबट्याची मादी दिसली होती, दोन पिल्लांसह. तिथला नियम असा की जनावरापाशी दोनच गाड्या, आणि थोड्या वेळानं दुसऱ्यांना जागा द्यायची. रेंजर रेडिओवरून पाळी लावतात. त्या संध्याकाळी मात्र रेडिओ नुसता खरखरत राहिला, टिनिको त्याच्या भाषेत काहीतरी हळू बोलला, आणि अंधार पडेपर्यंत दुसरी गाडी फिरकलीच नाही. कौमुदीला वाटलं होतं, काय नशीब आपलं! पिल्लं आईच्या शेपटीशी खेळत होती आणि ती विक्रांतला कोपरानं ढोसून म्हणाली होती, बघ, बघ ना. सगळ्या जंगलानं सुतकाच्या गाडीला वाट दिली होती, आणि ती गाडीत बसून नशिबाचं कौतुक करत होती.

खोलीत पांढरी फुलं ठेवली होती. तिला वाटलं, लग्नाचा वाढदिवस. जेवणात तिच्या एकटीपुरता वरणभात आला, आचाऱ्यानं कुठून कुठून विचारून केलेला, तिला वाटलं, काय ही सर्व्हिस! सुतकातल्या माणसाला चार घरं सांभाळतात तसं त्या परक्या लोकांनी तिला सांभाळलं होतं, आणि तिनं त्यांना पाच तारे दिले होते.

"आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणवठ्यावर," नूला म्हणाली, "ते तर तुझ्यासाठीच केलं टिनिकोनं. भारतात तिला अग्नी देणार ती वेळ त्यानं विक्रांतला विचारून घेतली होती. बरोबर त्या वेळेला त्यानं कॉफीसाठी गाडी थांबवली. म्हणाला, तिची मुलगी आपल्याबरोबर आहे, आपण नुसतं गाडी हाकत राहायचं, हे बरं नाही. आम्ही सगळे उभे राहिलो. मी माझ्यापुरती प्रार्थना म्हटली. नंतर तूच ग्रुपवर फोटो पाठवलास तो."

कौमुदीला तो फोटो माहीत होता. तिच्या सगळ्या फोटोंत तो तिचा सगळ्यात लाडका होता. तिनं फोन काढला नाही. कार्ड पर्समध्ये नीट ठेवलं, उरलेला केक नूलानं फॉइलमध्ये बांधून दिला तो घेतला, दोघांना जवळ घेतलं. फर्गस शेवटी एकच वाक्य बोलला, माफ कर. कौमुदी म्हणाली, तुम्ही सगळे आलात ना, खूप झालं. असं इथं मयताला आलेल्यांना म्हणतात. तिच्या तोंडून ते सहज निघालं.

परत येताना समुद्र उजवीकडे होता आणि भरती लागली होती. डार्टमध्ये बसून तिनं स्वतःला विचारून बघितलं, आता तरी राग येतोय का? नवऱ्यानं खोटं सांगितलं. एका प्रवासापुरतं नव्हे, जवळजवळ सगळी सफारी. ती हसत होती, खात होती, बिबट्याच्या पिल्लांना नावं देत होती, आणि तो शेजारी बसून सगळं जाणून होता. येत होता राग, पण लांबून, शेजारच्या घरातल्या भांडणासारखा.

विक्रांत दारात उभाच होता. तिचा चेहरा बघून तो बाजूला झाला. लॅपटॉप बंद होता. ऑन-कॉल वगैरे काही नव्हतंच. कौमुदीनं कोट काढला, जेवणाच्या टेबलाशी बसली, फोनमधला तो फोटो उघडला आणि फोन दोघांच्या मधे ठेवला.

"मला सांग," ती म्हणाली, "आईच्या मयताला कोण कोण आलं होतं?"

विक्रांत खाली बसला. फोटोत पाणवठ्याच्या काठाला सगळे ओळीनं उभे होते, सकाळचं ऊन समोरून तोंडावर आलेलं. कौमुदीनं पुढे जाऊन, पाण्याच्या बाजूनं, सगळ्यांचे चेहरे यावेत म्हणून मुद्दाम तिथून काढलेला फोटो. तेव्हा तिला वाटलं होतं, ही माणसं निसर्ग बघून कशी गुंगून गेली आहेत!

"हा टिनिको," विक्रांत म्हणाला. "त्यानं टोपी काढलीय. हा एलियास. ही नूला. हा फर्गस."

सगळ्यांच्या माना खाली होत्या. नूलाचे ओठ अर्धवट उघडे होते. बॉनेटवर कॉफीचा थर्मास होता, आणि टोस्टांचा डबा, उघडा. टोस्ट खाणारी तिथं एकटी कौमुदीच होती. नागपूरला अंबाझरीच्या घाटावर नरेशदादा मडकं घेऊन फिरत असेल तेव्हा तिच्या तोंडात कॉफीत बुडवलेला टोस्ट होता. तिला त्याची चवसुद्धा आठवली.

"आणि हा मी," विक्रांत म्हणाला.

ओळीच्या शेवटी तो उभा होता. मान खाली नसलेला तो एकटाच. तो सरळ कॅमेऱ्याकडे बघत होता. हा फोटो तिला लाडका होता तो याच्याचसाठी. इतक्या वर्षांनी नवरा आपल्याकडे असा बघतोय, असं तिला वाटलं होतं.

"काय बघत होतास माझ्याकडे?"

विक्रांतनं दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं. तो रडत होता. केव्हापासून, तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"दादाची शपथ गेली उडत, असं वाटलं त्या वेळी," तो म्हणाला. "ते सगळे तुझ्या आईसाठी उभे होते आणि तुलाच माहीत नव्हतं. मला सहन होईना. ठरवलं, हिचा एवढा फोटो काढून होऊ दे. मग हिला बाजूला घेऊन सांगतो."

"मग?"

"मग तू म्हणालीस, थांबा, अजून एक काढते."

कौमुदीनं बोटानं फोटो पुढे सरकवला. दुसरा होताच. त्यात टिनिकोनं टोपी परत घातली होती, माना वर आल्या होत्या, आणि नूला, फर्गस, एलियास, विक्रांत, सगळे तिच्याकडे बघून हसत होते. तिनंच त्यांना ओरडून सांगितलं होतं, स्माईल प्लीज.